तुपातली शाई आणि पायी वारी

मुंबईत १८३१ च्या सुमारास भंडारी समाजातल्या गणपत कृष्णाजी नावाच्या कारागिराने शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून ख्रिस्ती धर्माची पुस्तके मराठीत निघत होती. आपल्या धर्माचीही तशीच निघावीत, ही त्याची जिद्द. दगड तयार करणे, यंत्र जुळवणे, शाई घोटणे, यातले बरेचसे तो पाहून पाहून आणि करून करून शिकला. पण छापलेले विकत घेणार कोण? सोवळे पाळणाऱ्या अनेकांना छापील कागदाला हात लावणेसुद्धा नको होते. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते, असा बोलबाला होता, आणि चरबीने माखलेला कागद देवघरात न्यायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी खरा होता. गणपत कृष्णाजीने वाद घातला नाही. धर्मग्रंथांसाठी लागणारी शाई त्याने तुपात खलली. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात या कारागिराची हकीकत नोंदवून ठेवली आहे.

ही एका धंदेवाल्याची युक्ती होती, असे म्हणून पुढे जाता येईल. पण तसे केले तर त्यातले मोठेपण निसटते. समोरच्या माणसाची अडचण शुद्धीची आहे हे त्याने ओळखले, आणि शुद्धीच्या प्रश्नाला शुद्धीच्याच भाषेत उत्तर दिले. मुंबई-पुण्याच्या शिळाछापांनी पुढची कित्येक वर्षे पोथीचा घाटही सोडला नाही: आडवी, लांबट, सुटी पाने, लाल कापडात बांधून ठेवता येतील अशी. वाचणाऱ्याच्या मांडीला, हाताला, चौरंगाला जे ठाऊक होते ते तसेच राहिले. बदलली फक्त अक्षर उमटवण्याची रीत. अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात पोरवयात काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. १८८६ पासून तिथून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची मालिका निघू लागली आणि देशभरचे शास्त्री-पंडित निर्णयसागरच्या प्रती प्रमाण मानू लागले. ज्या कागदाचा विटाळ होत होता, त्याच कागदावर दोन पिढ्यांत शास्त्राध्ययन उभे राहिले.

आज शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीत, सहकारी बँकेच्या काउंटरमागे नवे यंत्र, नवे ॲप, नवा प्रोग्राम आला की जी कुरकुर ऐकू येते, तिला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे हुकूम: अमुक तारखेपासून सगळे ऑनलाइन. दुसरे म्हणजे हेटाळणी: ‘तुम्ही जुन्या काळातले.’ दोन्ही उत्तरे त्या माणसाला नेमके काय जपायचे आहे, हे विचारतच नाहीत. त्या कुरकुरीच्या तळाशी तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न असतो: साधन बदलले की साधनाही बदलते का? ज्ञान एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतले, तर ते तेच राहते का? हा प्रश्न भारतीय परंपरेने जितक्या गांभीर्याने विचारला, तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

पाणिनीय शिक्षेत वेद म्हणणाऱ्या सहा अधम पाठकांची यादी आहे. गाण्यासारखे म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, अर्थ न जाणणारा, दबक्या आवाजाचा, आणि त्यांच्याच पंक्तीत लिहिलेले पाहून म्हणणारा. म्हणजे एके काळी लेखन हेच ते नवे, संशयास्पद तंत्रज्ञान होते. सातव्या शतकात भारतात येऊन राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने नोंदवले की वेद कागदावर किंवा पानांवर उतरवले जात नाहीत, ते तोंडातून तोंडात जातात. यामागे केवळ आडमुठेपणा नव्हता. लेखनाविना अचूकपणा टिकवण्याची एक थक्क करणारी व्यवस्था त्या लोकांनी उभारली होती. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा. क्रमपाठात दोन-दोन शब्दांची साखळी. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशी प्रत्येक शब्दाची मागे-पुढे गुंफण. एक स्वर चुकला तर पुढच्या फेरीत तो उघडा पडतो. वेदपठणाच्या या परंपरेला २००३ मध्ये युनेस्कोनेही मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

असे पठण मुखोद्गत करणाऱ्या माणसाला ‘लिहून ठेवा, सोपे जाईल’ असे सांगणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या तपाची किंमत शून्य ठरवणे होते. शिवाय त्याला दिसत असलेला धोका खराही होता. ग्रीसमध्ये प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात हाच धोका एका इजिप्शियन कथेतून मांडला. थ्यूथ हा देव लेखनकला घेऊन राजा थॅमसकडे येतो आणि यामुळे लोकांची स्मृती वाढेल असे सांगतो. राजा म्हणतो, उलटे होईल. बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवून लोक आतून आठवायचे सोडून देतील, आणि न शिकताच शहाणे झाल्याच्या भ्रमात राहतील. राजाचे भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले. संपूर्ण संहिता घनपाठासह मुखोद्गत असलेली माणसे आज फार थोडी उरली आहेत. पाढे, आर्या, ओव्या, अभंग, गावातल्या सात पिढ्यांची नावे, एवढे सगळे डोक्यात बाळगणारी माणसे महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. तीही आता विरळ. तंत्रज्ञानाचा पुरस्कार करणाऱ्याने ही किंमत मोजली गेली हे आधी प्रामाणिकपणे कबूल करायला हवे. ती नाकारली की ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

पण परंपरेची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. सुमारे १०३० मध्ये भारताविषयी लिहिणाऱ्या अल्बेरुनीने काश्मीरच्या वसुक्र नावाच्या ब्राह्मणाचा उल्लेख केला आहे. वेद लिहून काढायचे धाडस याने केले, कारण माणसांच्या स्मरणातून ते निसटून जातील अशी त्याला भीती वाटत होती. म्हणजे न लिहिण्यामागे जी तळमळ होती तीच लिहिण्यामागेही होती. दोघांनाही वेद राखायचे होते. वाद राखण्याच्या रीतीचा होता.

महाराष्ट्रात याच तळमळीचे उदाहरण म्हणजे एकनाथ. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला पूर्ण झाली आणि पुढची तीन शतके हातांनी नकलली गेली. नकलणारा प्रत्येक हात काही गाळत होता, काही घालत होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती समोर ठेवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी विनंती ग्रंथाच्या शेवटी केली. हस्तलिखिताच्या युगात अशा विनंतीपलीकडे काही उपाय नव्हता. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली, तेव्हा एका प्रतीतला पाठ शेकडो प्रतींत जसाच्या तसा उतरू लागला. एकनाथांना जे हवे होते, ते करण्याचे बळ त्या दगडात होते. तंत्रज्ञान श्रद्धेच्या विरुद्ध उभे असते, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा प्रसंग नीट पाहावा.

छपाईपुढे अडखळणे केवळ हिंदुस्थानातच घडले असेही नाही. जर्मनीतल्या श्पोनहाइम मठाचा प्रमुख योहानेस ट्रिथेमिउस याने १४९२ मध्ये हाताने ग्रंथ नकलणाऱ्यांच्या स्तुतीचे पुस्तक लिहिले. कागदावर छापलेले फार टिकणार नाही, चर्मपत्र हजार वर्षे राहील. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धर्मग्रंथ नकलणे हीच भिक्षूची उपासना आहे, एकेक अक्षर लिहिताना ते मनात मुरते, असे त्याचे म्हणणे. दोन वर्षांनी हे पुस्तक माइन्त्सला छापून प्रसिद्ध झाले. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफेरिकाला १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली ती धर्मप्रमुख शेख-उल-इस्लामच्या फतव्यासह. कोश, इतिहास, भूगोल छापावेत, कुराण आणि धर्मशास्त्र मात्र नाही. आणि छापण्याआधी विद्वानांनी मुद्रिते तपासावीत, अशा अटींवर. १७२९ मध्ये पहिला ग्रंथ निघाला तो शब्दकोश. तिथेही मुंबईच्या तुपासारखाच काही तरी मध्यममार्ग निघाला: कुठे चालेल, कुठे नाही, आणि चुका कोण तपासणार, हे आधी ठरले.

सगळीच नाराजी मात्र इतकी निर्मळ नसते. काही वेळा जपायचे असते ते ज्ञान नव्हे, ज्ञानावरची मालकी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ सवाल होता. मुखाने चालणारी परंपरा कोणाच्या मुखात जाऊ द्यायची हे ठरवणारे मूठभर होते. छापील कागदाला अशी चौकी बसवणे अवघड. तो रुपया देणाऱ्याच्या हातात पडतो, मग त्याची जात कुठलीही असो. मुक्ताचा आवाज पावणेदोनशे वर्षे टिकला, तो त्या कागदामुळेच.

म्हणून कोणतीही नाराजी ऐकताना एक प्रश्न टाळता येत नाही: इथे राखले जात आहे ते सगळ्यांचे आहे की थोड्यांचे? कचेरीतल्या कागदी फाइलींचा ढीग एखाद्या बाबूला प्रिय असतो तेव्हा त्याला ‘अनुभवाचे मोल’ म्हणायचे की ‘आपल्याशिवाय हे पान कुणाला सापडणार नाही’ या सत्तेचे सुख म्हणायचे, हे तपासावेच लागेल. सातबाऱ्याचा उतारा मोबाइलवर दिसू लागला, तेव्हा त्याच्यासाठी तलाठ्याच्या दाराशी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याचे काही पवित्र हरवले नाही.

कामाच्या जागी नाराजीचा तिसरा प्रकार भेटतो, आणि तो सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. मालकांनी काही गिरण्यांत दोन मागांऐवजी तीन माग एका विणकऱ्याकडे सोपवायला सुरुवात केली होती. कामगार यंत्राला घाबरत नव्हते. यंत्राबरोबर तर त्यांचे सगळे आयुष्य चालले होते. एका माणसाने तीन माग चालवले की दुसऱ्याच्या घरी चूल पेटत नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्याच गिरण्यांत दुसराही एक हिशेब चालू होता. विणकाम खात्यात पगार बरा मिळे, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. यंत्र अगदी आधुनिक, पण त्याच्याभोवती बसवलेली माणसांची मांडणी जुनीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या काळात विणकाम खाते सर्वांना खुले करण्याचा आग्रह धरला.

यंत्राविषयीचा महाराष्ट्रातला सर्वांत खोल वाद आंबेडकर आणि गांधी यांच्या विचारांत आहे. गांधींनी १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिले आणि त्यात यंत्रसंस्कृतीवर कडाडून टीका केली. पण १९२४ मध्ये त्यांनीच सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. बायकोला हाताने टाके घालत बसावे लागते हे न पाहवून एका माणसाने ते यंत्र शोधले, म्हणजे त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असे त्यांचे कारण. १९२९ मध्ये चांगल्या चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेही यंत्र सुधारण्यासाठीच. १९३७ च्या वर्धा परिषदेत त्यांची नई तालीम मांडली गेली, तिचा गाभा असा की मुलाने हाताने काही घडवावे आणि त्या घडवण्यातून गणित, भूगोल, विज्ञान शिकावे. हात रिकामा ठेवला तर बुद्धीही अर्धीच वाढते, ही त्यामागची श्रद्धा.

आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात याला सडेतोड उत्तर दिले. यंत्र नसेल तर माणसाचा सगळा दिवस पोट भरण्यात जातो आणि संस्कृतीसाठी, विचारासाठी फुरसत उरत नाही. फुरसत ही काही मूठभरांची मिरासदारी नव्हे, ती सर्वांना मिळायची तर यंत्र लागेलच. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ खाजगी मालकीत अडकवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके डोक्यावरून मैला वाहिला, मेलेली ढोरे ओढली, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला श्रमाच्या सरसकट गौरवगाण्यात एक खोट दिसणे अगदी स्वाभाविक होते.

दोघांचे म्हणणे शेजारी ठेवले की एक गोष्ट उजळते. गांधी बोलतात ते माणूस घडवणाऱ्या श्रमाविषयी. आंबेडकर बोलतात ते माणूस मोडणाऱ्या श्रमाविषयी. दोन्ही श्रम खरे आहेत आणि बहुतेक कामांत ते एकमेकांत मिसळलेले असतात. नव्या साधनाविषयीचे निम्मे भांडण या मिसळीमुळेच होते.

ही मिसळ वेगळी करण्याची रीत वारकऱ्यांना फार पूर्वीपासून जमली आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी पायी चालतात. एसटी आहे, रेल्वे आहे, मोटार आहे, सकाळी निघून दुपारी पोहोचता येते. तरीही वारीत कुणाला तो सोपा उपाय वाटत नाही. कारण इथे चालणे हेच भजन आहे. पण त्याच वारीत दिंडीचे सामान ट्रकमध्ये असते. तंबू, भांडी, शिधा, अंथरुणे मोटारीतून पुढच्या मुक्कामी जातात. पाण्याचे टँकर असतात, ध्वनिक्षेपक असतात, दवाखान्याच्या गाड्या असतात, आणि कमरेला मोबाइल असतो. ट्रक आला म्हणून वारी बाटली, असे कुणी म्हणत नाही. ओझे ट्रकवर, वाट पायाखाली, अशी ही वाटणी. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ज्ञानेश्वर आणि तुकारामांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेल्या गेल्या. लोकांनी ते आपत्काल म्हणून स्वीकारले. पण बसने वारी घडली, असे कुणी मानले नाही, आणि साथ ओसरल्यावर ‘आता दरवर्षी असेच करू’ असा प्रस्तावही कुणी मांडला नाही.

शाळेतल्या आणि कचेरीतल्या प्रत्येक कामाला हीच कसोटी लावता येते. यातली वाट कोणती आणि ओझे कोणते?

महाराष्ट्रातले जिल्हा परिषदेचे शिक्षक गेल्या काही वर्षांत ‘आम्हाला शिकवू द्या’ असे म्हणत रस्त्यावर आले. ते तंत्रज्ञानाला भितात, असा अर्थ कुणी काढला तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. तीच तीच माहिती एका पोर्टलवर, मग दुसऱ्या ॲपवर, मग फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर भरावी लागते, आणि तेवढा वेळ वर्ग गुरुजींची वाट पाहत बसतो, अशी त्यांची तक्रार आहे. इथे यंत्राने ओझे उचलायला हवे होते. त्याऐवजी ते नवे ओझे होऊन आले आणि वाटच बंद केली. याउलट सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मुलांना धडा पुन्हा ऐकता यावा, कविता चालीत ऐकू यावी, ही त्यामागची गरज त्यांच्याच वर्गातून आली होती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कुठलाही हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी साधन वर्गात आले होते, कारण ते कशासाठी हवे हे शिक्षकाला ठाऊक होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही हे अनुभवाने कळले. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. जमीन ही शेतकऱ्याची आई. तिच्या अंगात परके काही घुसवायला तो सहजी तयार होणार नाही, यात नवल नव्हते. शेवटी पटवले ते शेतात चाललेल्या नांगराने आणि आलेल्या पिकाने.

बँकांत संगणक आले ते वेगळ्या मार्गाने, आणि तोही अभ्यासण्यासारखा आहे. १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रे कुठे आणि किती, याच्या मर्यादा त्यात होत्या. पाठोपाठ १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणकीकरण हळू झाले म्हणून त्या काळच्या संघटनांना नावे ठेवली जातात. पण लेजरवर वर्षानुवर्षे सुबक अक्षर काढणाऱ्या कारकुनाला आपली नोकरी जाणार की राहणार, हे त्या टेबलावर विचारता आले. ज्याला विचारता येते, तो शिकायलाही लवकर तयार होतो.

अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी विचारण्याची ही पद्धत धर्माचाच भाग केली आहे. ते तंत्रज्ञानाचे शत्रू आहेत असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक साधनाविषयी त्यांची मंडळी एकत्र बसून ठरवतात: यामुळे घर आणि शेजार जवळ येईल की दुरावेल? पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर भागात टेलिफोन घरात ठेवायला त्यांनी मनाई केली, पण गल्लीच्या टोकाला अनेक घरांना मिळून एका छोट्या खोपटात तो चालवून घेतला. डॉक्टरला बोलावता येते, व्यापार करता येतो, आणि जेवताना घंटी वाजत नाही. नियमांची उजळणी वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीआधी होते. त्यांचे निष्कर्ष इतरांना पटोत वा न पटोत, निर्णय घेण्याची सवय मात्र हेवा वाटावा अशी आहे.

महाराष्ट्रात अशा सवयीला बीज म्हणून खंडेनवमी आणि दसरा आहेतच. कारखान्यात लेथ धुऊन-पुसून त्याला झेंडूचा हार पडतो, रिक्षावाला हँडलला हळदकुंकू वाहतो, कचेरीत संगणकाच्या पडद्याखाली आपट्याची पाने ठेवली जातात, आणि लहान मुले पाटीवर एकाच्या आकड्यांतून सरस्वती काढतात. उपजीविकेचे आणि विद्येचे साधन हे केवळ वस्तू नाही, त्याच्याशी आपले नाते आहे आणि ते नाते मर्यादेचे आहे, अशी ही जाण आहे. पूजा करताना यंत्र बंद असते, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. वर्षातून एक दिवस माणूस त्याच्यासमोर थांबतो. त्या दिवशी फूल वाहून झाल्यावर कचेरीतल्या माणसांनी अर्धा तास बसून बोलावे: या वर्षी या यंत्राने आपले काय वाचवले, आणि काय खाल्ले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ही चर्चा निकडीची झाली. आता यंत्र निबंध लिहिते, पत्र लिहिते, गणित सोडवते, धड्याचा सारांश देते. शिक्षकाची घालमेल इथे पूर्वीच्या कुठल्याही घालमेलीहून खोल आहे, आणि ती खरी आहे. आधीच्या साधनांनी विचार साठवला, पोहोचवला, छापला. हे साधन विचार करण्याच्या जागी येऊन बसते. सातवीतल्या मुलीने ‘माझ्या गावची नदी’ या विषयावर चार वाक्ये खोडून पाचवे लिहिणे, ही पायी वारी आहे. ते वाक्य यंत्राने दिले तर ती पंढरपूरला पोहोचेल, पण तिची वारी घडणार नाही. उलट तिच्या शिक्षिकेला पन्नास मुलांचे गुण तीन तक्त्यांत चढवायचे असतात, पोषण आहाराचा हिशेब द्यायचा असतो, वरून आलेल्या परिपत्रकाला उत्तर लिहायचे असते. ते ट्रकवर चढवायचे सामान आहे आणि त्यासाठी यंत्राची मदत घेण्यात कसलाही कमीपणा नाही. वाचलेला वेळ त्या मुलीच्या वहीशेजारी बसण्यात गेला, तर ते यंत्र सत्कारणी लागले.

अर्थात सगळी कामे अशी सरळ वाटून येत नाहीत. पाढे पाठ करावेत की नाही, हस्ताक्षरावर किती वेळ द्यावा, परक्या भाषेतला उतारा मुलाने स्वतः लावावा की भाषांतर करून घ्यावे, कोर्टातल्या नव्या वकिलाने जुने निकाल वाचून काढावेत की सारांशावर भागवावे, यावर दोन समजूतदार माणसांची दोन मते होतील. नवशिक्यासाठी जी वाट असते तीच मुरलेल्यासाठी ओझे असू शकते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारे ॲप म्हणजे सवलत नाही, ते त्याचे पाऊल आहे. म्हणून ही यादी मंत्रालयातून एकदाच येऊन भिंतीवर लावता येणार नाही. ती प्रत्येक शाळेला, प्रत्येक खात्याला स्वतः करावी लागेल आणि दरवर्षी तपासावी लागेल. त्या बैठकीत साधन आणणाऱ्याने ते कोणाचे ओझे उचलते आणि वाचलेल्या वेळाचे, वाचलेल्या पगाराचे काय होणार, हे सांगावे. नको म्हणणाऱ्यानेही आपल्याला काय राखायचे आहे ते नाव घेऊन सांगावे, आणि ते सगळ्यांचे आहे की आपल्या एकट्याचे, हे इतरांना विचारू द्यावे. आणि एखाद्या शाळेने सातवीपर्यंत निबंध हातानेच लिहायचे ठरवले, तर त्याचे कारण मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना समजावून सांगण्याची जबाबदारीही त्याच शाळेची राहील.